जुन्या पिकअपचं क्राउन-पिनियन दुसऱ्या पिकअपमध्ये बसवल्यावर परत परत येणारी घोंघों

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. एका पिकअपच्या एक्सलमधून क्राउन-पिनियन (प्रॉपेलर शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी: मोठं क्राउन, छोटं पिनियन) आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा भाग) काढून दुसऱ्या पिकअपमध्ये बसवले. पहिले दोन दिवस गाडी बरी चालली. मग हायवेला ताशी ४५ ते ५५ मैलांच्या पट्ट्यात, पाय हलका ठेवला की मागून घोंघों सुरू झाली. बेअरिंग बदलून झाली, ऑइल बदलून झालं. थोडे दिवस आवाज दबल्यासारखा वाटला आणि पुन्हा जिथल्या तिथे.

माझ्या गाडीत हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा डिफरन्शियल उघडल्यावर कारण सापडलं, आणि ते कुठल्याही सुट्या भागात नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून खातं. माझी १९९९ ची फोर्ड एफ-१५० इंजिनाने ठणठणीत होती, पण चॅसीला स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जायचा. तिच्या मागच्या एक्सलमध्ये बाहेरून घेतलेलं ४.१० चं क्राउन-पिनियन (क्राउनच्या एका फेरीला पिनियनच्या ४.१० फेऱ्या) आणि एआरबी कंपनीचा, हवेवर चालणारा लॉकर होता. सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं म्हणून चार वर्षांपूर्वी मीच ते बसवलं होतं. दक्षिणेकडच्या राज्यातून २००३ ची, गंज न लागलेली एफ-१५० आणली. तिच्यात कारखान्यातून आलेलं ३.५५ होतं. ३३ इंची टायर आणि ३.५५ म्हणजे ताशी ६५ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन जेमतेम १,६५० फेऱ्यांवर. थोडा चढ आला की गिअर खाली पडतो. ४.१० ला तेच १,९०० च्या आसपास राहतं. त्यामुळे ४.१० सोडवत नव्हतं.

संपूर्ण एक्सलच उचलून का नाही लावला, हा प्रश्न बरोबर आहे. जमत असेल तर तेच करा. घरातली, म्हणजे हाउसिंगमधली जोडी घरातच राहिली तर यातली निम्मी दुखणी होतच नाहीत. पुढचा डिफरन्शियल मी तसाच हाउसिंगसकट हलवला आणि तो आजपर्यंत गप्प आहे. मागच्या एक्सलच्या नळ्या मात्र पाट्यांच्या बैठकीपाशी गंजून पापुद्रे निघत होत्या. ते नव्या चॅसीखाली लावायचं धाडस झालं नाही.

दोन्हीकडे मागचा एक्सल ८.८ इंची आणि शाफ्टला ३१ स्प्लाइन (टोकावरच्या उभ्या खाचा), त्यामुळे कागदावर काम सोपं होतं. पण हे गृहीत धरू नका. १९९७ ते २००३ च्या एफ-१५० मध्ये मोठ्या इंजिनाबरोबर ९.७५ इंची एक्सलही येतो, आणि रेंजरच्या बहुतेक ८.८ मध्ये शाफ्टला २८ स्प्लाइन असतात. २८ चा लॉकर ३१ च्या शाफ्टवर चढत नाही. डाना कंपनीच्या एक्सलवाल्यांसाठी आणखी एक अडचण: डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. ८.८ मध्ये ही भानगड नाही, सगळे रेशो एकाच कॅरिअरवर बसतात. दाराच्या चौकटीवरचा एक्सल कोड किंवा कव्हरच्या बोल्टला लटकणारी पत्र्याची चकती कारखान्यातून काय आलं होतं एवढंच सांगते. वीस वर्षांत आत काय बदललं ते क्राउनच्या कडेवर कोरलेल्या दातांच्या संख्येवरूनच कळतं. ४१-१० म्हणजे ४.१०, ३९-११ म्हणजे ३.५५.

आता मुख्य चूक.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मी त्यांच्या मशीनपाशी शिकलो. ते एक गोष्ट सतत सांगायचे: जोडी उघडायच्या आधी माप घे, उघडल्यावर घेतलेलं माप तुझं असतं, जोडीचं नसतं. हे मला पाठ होतं आणि तरीही जुनी गाडी भंगारात द्यायच्या घाईत मी कव्हर उघडून सरळ बेअरिंग कॅपचे बोल्ट सोडले. बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधला मोकळा खेळ) मोजला नाही. दातांना रंग लावून ठसा घेतला नाही. पिनियनखालची शिम (पातळ चकती) तेवढी जपून ठेवली, ३० थाऊची, आणि तीच नव्या हाउसिंगमध्ये घातली. मला वाटलं, पिनियन तेच तर शिमही तीच.

इथेच बहुतेक जण फसतात, आणि चांगले मेकॅनिकही फसतात. शिम पिनियनची नसते. क्राउनच्या मध्यरेषेपासून पिनियनचं डोकं नेमकं किती अंतरावर बसलं पाहिजे हे ठरलेलं असतं. पण प्रत्येक हाउसिंगचं बोअरिंग दोन-चार थाऊ इकडेतिकडे असतं आणि प्रत्येक पिनियनही तसंच. शिम ही त्या हाउसिंगची आणि त्या पिनियनची मिळून जी चूक होते ती भरून काढते. हाउसिंग बदललं की ती शिम म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. माझ्या २००३ च्या हाउसिंगमध्ये मूळ पिनियनखाली २७ थाऊची शिम होती. ८.८ मध्ये शिम पिनियनचं डोकं आणि आतलं बेअरिंग यांच्यामध्ये येते, त्यामुळे शिम जाड झाली की पिनियन क्राउनच्या आत घुसतं. मी ते आत ढकललं होतं आणि वर बॅकलॅश पुस्तकाप्रमाणे ८ थाऊ लावून निवांत झालो होतो.

मग सुरुवात कुठून करायची? नव्या हाउसिंगमध्ये जी शिम निघते तिथून. दोन्ही पिनियनच्या डोक्यावर उणे-अधिक खुणा असतील आणि त्या एकाच पद्धतीच्या असतील तर त्यांच्यातला फरक त्या शिममध्ये मिळवा किंवा वजा करा. बाहेरून घेतलेल्या गिअरवर अशी खूण असेलच असं नाही. नसेल तर हाउसिंगची मूळ शिम घाला आणि ठसा घ्या. ठसा सांगेल ते खरं.

नवीन जोडीचा ठसा आणि वापरलेल्या जोडीचा ठसा वाचण्यात मोठा फरक आहे. नवीन जोडीला दाताच्या मध्यावर नीट ठसा आणायचा, झालं. वापरलेल्या जोडीने मात्र हजारो मैल एकमेकांना घासून आपली जागा केलेली असते. क्राउन स्वच्छ पुसून खिडकीजवळ धरा आणि एक दात तिरका करून बघा. दाताच्या अंगावर एक लांबट, आरशासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो. त्याच्या भोवतीचा भाग किंचित करडा, मशीनच्या बारीक रेघा अजून दिसणारा. त्या पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवलं तर कधीकधी हलकी पायरी लागते. जोडी आयुष्यभर त्याच पट्ट्यावर चालली पाहिजे. नव्या घरात ती दोन-तीन थाऊने सरकली की पिनियनचा दात त्या पायरीवर चढतो-उतरतो, आणि प्रत्येक दाताला एक टक्कर होते. आपल्याला ऐकू येणारी घोंघों म्हणजे त्या टकरांची रांग.

हे तपासता येतं. माझ्या गाडीत ताशी ५० मैलांना प्रॉपेलर शाफ्ट मिनिटाला साधारण २,०९० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ३५. पिनियनला १० दात, म्हणजे सेकंदाला ३५० टकरा. फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारं कुठलंही मोफत ॲप चालू करून शेजारच्याला मागे बसवा. ३५० हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं आणि ते वेगाबरोबर प्रमाणात सरकलं, तर आवाज दातांचाच आहे, बेअरिंगच्या मागे लागू नका. ३५ च्या आसपास असेल तर शाफ्टचा तोल किंवा त्याचे क्रॉस (सांधे) बघा. मी हे आधी केलं असतं तर बेअरिंगचा एक अख्खा सेट वाचला असता.

पायाखालून आवाज कसा बदलतो हेही बरंच सांगतं. रेस दिल्यावर घोंघों आणि पाय काढला की गप्प, तर बहुधा पिनियनची खोली चुकली आहे. पाय काढल्यावर, गाडी गिअरमध्ये सुटी धावताना गुरगुर येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण ढिला पडला आहे का ते आधी बघा. पाय घेता-सोडताना एकच खट्ट येत असेल तर बॅकलॅश जास्त आहे किंवा शाफ्टचा क्रॉस गेला आहे. वळणावरच खरखर येत असेल तर चाकाचं बेअरिंग; डावीकडे वळताना वाढली तर उजव्या बाजूचं आधी तपासा, कारण वजन तिकडे जातं. आपोआप लागणारे लॉकर, डेट्रॉइट लॉकरसारखे, वळताना टकटक करतात. ती त्यांची चालण्याची पद्धत आहे, तिच्यासाठी डिफरन्शियल उघडू नका.

आता ठसा घेण्याची माझी रीत. पिनियनवर आधी सेटअप बेअरिंग चढवा. ही म्हणजे आतून थोडी घासून सैल केलेली जुनी बेअरिंग, हाताने निघते-बसते. खरी बेअरिंग प्रेसने प्रत्येक वेळी काढली तर ती खराब होते, आणि शिम बदलायचा कंटाळा येऊन माणूस ‘चालेल’ म्हणतो. ‘चालेल’ म्हणून बसवलेली जोडी मी दुसऱ्या खेपेला बसवली होती. क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना चेपत जाणारी नळी) या टप्प्यावर घालायचीच नाही. नट हाताने एवढाच आवळा की खेळ जाईल. क्राउनच्या तीन-चार दातांना दोन्ही अंगांनी पिवळं मार्किंग कंपाउंड पातळ लावा, जाड थर लावला की ठसा खोटा येतो. क्राउनच्या मागच्या बाजूला लाकडी दांड्याने दाब देऊन ब्रेक लावल्यासारखं करा आणि पिनियन पान्याने दोन्हीकडे फिरवा. दाब दिला नाही तर ठसा फिका येतो.

टोक (दाताचा आतला शेवट) आणि टाच (बाहेरचा शेवट) यांच्या भांडणात आधी पडू नका. आधी बघा, ठसा दाताच्या उंचीत कुठे आहे. बुडाकडे दाबला गेला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. माथ्याकडे चढला असेल तर पिनियन बाहेर आहे, शिम जाड करा. माझ्या ३० थाऊच्या शिमवर पिवळ्यातला ठसा दाताच्या बुडाशी बारीक रेघेसारखा आला होता आणि तो आरशासारखा पट्टा त्याच्यापासून वेगळा, वरच्या बाजूला उघडाच राहिला होता. ते दोन वेगळे पट्टे एकाच दातावर बघितले तेव्हा पोटात कालवलं. कारण याच अवस्थेत मी त्या जोडीवर सहाशे मैल घातले होते. २७ ला ठसा वर आला. २६ ला तो जुन्या पट्ट्यावर बसला.

बॅकलॅशचंही तेच. पुस्तकात ८.८ साठी ८ ते १५ थाऊ दिलेलं असतं आणि आपण मनाने ८ ला चिकटतो. घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं. वापरलेल्या जोडीला ती जिथे चालत होती तिथेच परत न्यायचं. टूलबॉक्सच्या झाकणाला चार वर्षांपूर्वीची माझीच चिठ्ठी चिकटलेली सापडली: ‘बॅकलॅश १०’. चार वर्षांच्या घासण्याने त्यात एखादा थाऊ वाढणार. ११ ला ठेवला तेव्हा ठशाची लांबी जुन्या पट्ट्याशी जुळली. कॅरिअरच्या दोन बाजूंना वेगळ्या शिम असतात; त्यातली डावी कमी करून तेवढीच उजवीकडे वाढवली की बॅकलॅश त्या फरकाच्या साधारण ७० टक्के बदलतो. १० थाऊ हलवले तर ७ बदलले. डायल लावून क्राउनवर किमान चार ठिकाणी मोजा. चार ठिकाणी फरक फार येत असेल तर क्राउन कॅरिअरवर वाकडं बसलं आहे. बैठकीवर कचरा, बोल्टच्या भोकाभोवती उठलेली कड किंवा कुठेतरी वाळलेला लॉकटाइट (बोल्ट पक्का धरणारा गोंद) असतो.

ठसा जमल्यावरच खरी बेअरिंग, नवी क्रश स्लीव्ह आणि नवा नट. बेअरिंगवरचा ताण इंच-पाउंडाच्या रेंचने फिरवून मोजा: नव्या बेअरिंगला १६ ते २९, वापरलेल्याला ८ ते १४. हे आकडे ८.८ चे आहेत. नट १४० फूट-पाउंडाच्या खाली दबला असेल तर स्लीव्ह नीट चेपलेली नाही. आणि ताण जास्त झाला तर नट मागे सोडून तो कमी करायचा नाही. स्लीव्ह परत लांब होत नाही, पिनियन ढिलं राहतं आणि दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथेच. नवी स्लीव्ह घाला. बेअरिंग कॅप डाव्या-उजव्या, वर-खाली खूण करून जिथल्या तिथे लावा. त्या हाउसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात. क्राउनचे दहा बोल्ट नवे घ्या, लाल लॉकटाइट, ७० ते ८५ फूट-पाउंड.

लॉकरकडे येतो. हवेच्या लॉकरमध्ये नव्या घरात सर्वात आधी जे गळतं ते म्हणजे कॅरिअरच्या बेअरिंगपाशी बसणाऱ्या सील हाउसिंगच्या आतल्या दोन ओ-रिंग. बाहेरून त्या चांगल्या दिसतात. बोटावर घेऊन बघा, गोल तारेऐवजी चपटी पट्टी झालेली असते. लॉकर काढला की त्या बदलायच्याच, आणि ऑइलचा हात लावून बसवायच्या. लॉकर चालू ठेवल्यावर कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी हवा जाते आहे. लॉकर बंद केल्यावर सोलेनॉइडच्या (हवेच्या विजेवरच्या झडपेच्या) हवा सोडणाऱ्या तोंडातून ऑइलचे शिंतोडे उडत असतील तर ती गळती ओ-रिंगपाशीच आहे. डिफरन्शियलचं ऑइल हवेच्या नळीत शिरतं आहे. आतली तांब्याची नळी क्राउनला आणि कव्हरला किती जवळून जाते ते चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. नव्या हाउसिंगला हवेच्या नळीचं भोक पाडावं लागतं. ते सगळं आतलं बाहेर असताना पाडा आणि धुवून घ्या. ड्रिलचा एक कीस बेअरिंगमध्ये गेला तर पुन्हा आवाज शोधत बसाल. लॉकर हाउसिंगमध्ये चढवण्याआधी टेबलावरच हवा देऊन पाहतो मी, पाच मिनिटांचं काम.

आणखी एक दुखणं, ज्याला लोक लॉकरची चूक समजतात. ८.८ मध्ये क्राउनच्या शेजारी कॅरिअरवर एबीएसच्या सेन्सरसाठी दातेरी कडं दाबून बसवलेलं असतं. लॉकर बदलताना ते उतरवून नव्यावर चढवायचं. जुन्यावरून छिन्नीने उचकटलं की त्याला केसाएवढी भेग जाते, मग एबीएसचा दिवा लागतो, आणि वेगाचा काटा उड्या मारतो. नवं घ्या, गरम करून अलगद बसवा. वेगाचा काटा उडत नसून सतत चुकीचा दाखवत असेल तर गोष्ट वेगळी. सेन्सर गिअरबॉक्सच्या टोकाला असेल तर संगणकाला नवा रेशो सांगावा लागतो. एक्सलवर असेल तर रेशोचा संबंध नाही, टायरच्या मापाचा आहे. तुमच्या गाडीत तो कुठे आहे ते आधी बघा.

पुढचा एक्सल राहिला असेल तर तोपर्यंत फोर बाय फोर लावू नका. पुढे ३.५५ आणि मागे ४.१० म्हणजे १५ टक्क्यांचा फरक. कोरड्या रस्त्यावर तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) चेनवर जातो.

इथल्या बऱ्याच मराठी मित्रांनी भारतात महिंद्रा थार चालवली आहे. २०२० च्या थारमध्ये काही मॉडेलांना मागचा मेकॅनिकल लॉकर कारखान्यातूनच आला होता. तिथेही कुणी वापरलेलं क्राउन-पिनियन दुसऱ्या गाडीत बसवत असेल तर आकडे त्या एक्सलच्या पुस्तकातले घ्या, शिम आणि जुन्या पट्ट्याबद्दलचं मात्र सगळं हेच लागू आहे.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल मध्यम वेगाने, मग गाडी थांबवून एक्सल पूर्ण गार होऊ द्यायचा. हे तीन-चार वेळा. जोडी जुनी असली तरी बेअरिंग नवी आहेत, आणि जोडीही नव्या घरात आहे. ५०० मैलांवर ऑइल बदला आणि कव्हरच्या चुंबकाला चिकटलेला चिखल बोटांमध्ये चोळून बघा. मऊ, करड्या मलमासारखा असेल तर ठीक. कणी लागली तर लगेच उघडा. माझ्या २००३ मध्ये ५०० मैलांवर मलम निघालं आणि ३५० हर्ट्झचं ते टोक ॲपवर दिसेनासं झालं.

कव्हर परत लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला, ऑइलने न जाणाऱ्या पेंट-मार्करने मी लिहून ठेवलं: शिम २६, बॅकलॅश ११, पिनियन ताण २०, नव्या बेअरिंग, तारीख. शेजारी ठशाचं छोटं चित्र काढलं आहे, दाताच्या दोन्ही अंगांचं. पुढच्या वेळी ही जोडी ज्या कुणाच्या हातात जाईल त्याला कव्हर उघडताच हे दिसेल.